धुळ्याचा रिपोर्ट

घेवरभाऊ, आईवडिलांनंतर या जगात मी कुणाचा सर्वांत जास्त ऋणी असेन, तर तुमचा. हे मी तुमच्यासमोर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही चष्म्याच्या वरून बघत विचारलं असतं, "काय काम काढलंस?" कुणी गोड बोललं की आधी त्यामागचं काम शोधायचं, ही तुमची सवय. ती तुमच्याकडूनच माझ्यात आली, आणि ती मी सर्वांत जास्त वापरली तुमच्याच बाबतीत.

परवा तुमचा उठावणा झाला, तिसऱ्या दिवशीची शोकसभा. मी दुबईहून जळगावला पोहोचलो तोवर तुम्हाला नेऊन दोन दिवस झाले होते. मुंबईच्या विमानतळावर या वेळी कुणी रिपोर्ट मागितला नाही, फॉर्म मागितला नाही, नाकात काडी घातली नाही. शिक्का मारला आणि "चला" म्हणाले. मी तिथेच उभा राहिलो. मागच्या माणसाने बॅगेने ढकललं तेव्हा पुढे सरकलो. ज्या कागदांपायी आपलं बोलणं एवढी वर्षं अर्धवट राहिलं, ते कागद आता कुणालाच नको आहेत.

मी असोद्याच्या शाळेत शिकलेला, घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. बी.एस्सी. झालो आणि पेढे घेऊन तुमच्या डाळ मिलमध्ये नोकरी मागायला आलो. तुम्ही पेढा बाजूला ठेवलात आणि माझी मार्कशीट उन्हात धरून पाहिलीत.

"खरी आहे, भाऊ."

"असेल. बघायला काय जातं?"

मग म्हणालात, "नोकरी देतो, पण सुट्टीतली. बाकीचे दिवस धुळ्याला जाऊन एम.एस्सी. कर." धुळ्यातच देवपूरला तुमच्या मावसभावाचं घर होतं. त्यातली एक खोली मला मिळाली. केमिस्ट्री मला कॉलेजने शिकवली, पण नमुना कसा घ्यायचा ते तुम्ही शिकवलंत. तुरीचा ट्रक आला की तुम्ही स्वतः पोत्यात परखी खुपसायचात, ती लांब पोकळ सळई, एकदा वर, एकदा मध्ये, एकदा तळाशी. निघालेले दाणे ताटात मिसळून त्यांच्या दोन पुड्या करायच्या. दोन्हींवर सह्या. एक पुडी आपल्याकडे, एक दलालाकडे. पुढे मालावरून वाद झाला तर दोन्ही पुड्या समोरासमोर उघडायच्या. एखादा नुसती आपलीच पुडी उघडून भांडायला आला तर तुम्ही त्याला बसायलाही सांगत नव्हता.

माझ्या पासपोर्टच्या चौकशीला साक्षीदार म्हणून तुम्हीच उभे राहिलात. पोलिसाने विचारलं, "किती वर्षांपासून ओळखता?" तुम्ही म्हणालात, "साहेब, हा पुडी बांधतो आणि मी न बघता सही करतो. आणखी काय सांगू?"

आई माझ्याबरोबर कळण्याची भाकरी आणि भरीत पाठवायची. तुम्ही जैन, वांगं खात नव्हता. भाकरी ठेवून घ्यायचात आणि भरिताच्या डब्याचा नुसता वास घेऊन तो मला परत द्यायचात. "आईला सांग, भाऊंनी दोनदा मागून घेतलं." आई शेवटपर्यंत सगळ्या गल्लीला हे सांगत राहिली. तिचं भरीत तुम्ही चाखलंही नाही, हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

साथीच्या दुसऱ्या वर्षी मला दुबईतल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत, लॅबमध्ये, नोकरी लागली. विमानं बंद झाली, सुरू झाली, पुन्हा बंद झाली. शेवटी तिकडून परवानगीचा कागद आला आणि त्यावर मुदत होती. त्या मुदतीत उतरलो नाही तर जागा दुसऱ्याला, असं कंपनीने स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हा माझं वय, घरची स्थिती, मागे असलेली दोन भावंडं, हे सगळं त्या एका तारखेवर येऊन थांबलं होतं. ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत होतं.

आणि नियम रोज बदलत होते. आधी बहात्तर तासांच्या आतला रिपोर्ट चालायचा, मग अठ्ठेचाळीस. आधी तास रिपोर्टच्या वेळेपासून मोजायचे, मग नमुना घेतल्याच्या वेळेपासून. मग रिपोर्टवर क्यूआर कोड हवा झाला. मग विमानतळावर आणखी एक झटपट चाचणी आली, विमानाच्या चार तास आधी. काही दिवसांनी त्या चारचे सहा झाले. मुंबईचा एजंट मेसेज पाठवायचा आणि तुम्ही मिलच्या ऑफिसात त्याची प्रिंट काढून, वर आलेली तारीख टाकून, फाइलला लावायचात.

"भाऊ, हा जुना नियम झाला. फाडू का?"

"अजिबात नाही. उद्या म्हणतील, आम्ही असं बोललोच नव्हतो."

एकदा तुम्ही थेट विमान कंपनीला फोन लावलात. "मॅडम, अठ्ठेचाळीस तास कुठल्या घड्याळाने? आमच्या की त्यांच्या?" तिकडून ती म्हणाली, सर, वेबसाइट बघा. तुम्ही म्हणालात, "वेबसाइट तुमचीच ना? मग तुम्हीच बघून सांगा. मी धरतो फोन." आणि खरंच धरून बसलात. हमाल येऊन पावतीवर सही घेऊन गेले, चहा आला, तुमचा फोन कानालाच. त्या दिवशी तीन जणांनी तीन उत्तरं दिली. तुम्ही तिन्ही लिहून ठेवलीत, सांगणाऱ्याच्या नावासकट.

एजंटचा तो फोन तुम्हाला आठवत असेल. तो स्पीकरवर होता. "दादा, टेन्शन कशाला घेता? काडी घालायचीही गरज नाही. आधार कार्ड पाठवा, निगेटिव्ह पाठवून देतो."

तुम्ही पुढे वाकलात. "आणि आम्हाला पॉझिटिव्ह पाहिजे असला तर?"

"तोपण होईल, शेठ."

तुम्ही फोन बंद केलात. "म्हणजे हा दोन्ही विकतो," म्हणालात. त्या दिवसापासून एकट्या रिपोर्टवरचा तुमचा विश्वास उडाला. दोन ठिकाणी दोन नमुने द्यायचे, हे तुम्ही तिथेच ठरवलंत. एक जळगावला, एक धुळ्याला. एकाला उशीर झाला, कोड नसला, शिक्का चुकला, तर दुसरा हाताशी. मला ते पटलं. धुळं मुंबईच्या वाटेवरच होतं.

जळगावचा नमुना सकाळी आठला दिला, माझ्या नंबरवर. मग तुमच्या गाडीने निघालो. मी नेहमीसारखा पुढचं दार उघडायला गेलो तर तुम्ही म्हणालात, "मागे बस." तुम्ही ड्रायव्हरशेजारी, चारही काचा खाली, मास्कवर वरून मफलर. इतकी वर्षं मी तुमच्या बरोबरीने बसत आलो होतो. मला ते लागलं. पारोळ्याला चहा घेतला तेव्हाही तुम्ही कप घेऊन दहा पावलं लांब गेलात आणि तिथून मोठ्याने म्हणालात, "दुबईत काय ठेवलंय? मिलमध्येच लॅब टाकतो. तू सांभाळ." हे तुम्ही त्या महिन्यात तिसऱ्यांदा म्हणत होता. मी रिकामा कप ठेवून गाडीत जाऊन बसलो.

धुळ्याची लॅब अशोकभाऊंची, तुमच्या शाळेपासूनच्या मित्राची. त्यांनी माझ्या नाकात काडी फिरवली आणि विचारलं, "मोबाइल नंबर काय शे?" मी तोंड उघडण्याआधी तुम्ही तुमचा सांगितलात. त्यात मला काही विशेष वाटलं नाही. मिलशी संबंध आलेल्या प्रत्येकाचा नंबर म्हणजे तुमचाच नंबर. गॅसच्या नोंदीत तोच, मुलांच्या शाळेत तोच, दवाखान्यात तोच. मग तुम्ही मला म्हणालात, "तू गाडीत जाऊन बस."

गाडीतून काचेचं दार दिसत होतं. तुम्ही टेबलावर वाकून अशोकभाऊंशी बोलत होता. त्यांनी मान हलवून नकार दिला. तुम्ही पुन्हा बोललात. मग त्यांनी होकार दिला आणि तुम्हाला आतल्या खोलीत नेलं. दहा मिनिटांनी तुम्ही बाहेर आलात.

"काय झालं, भाऊ?"

"काही नाही. जुनी ओळख आहे, बोलत बसलो."

संध्याकाळी जळगावचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला. निगेटिव्ह, कोडसकट. देवपूरच्या घरात मी उंबऱ्याशी बसून मोबाइलवर फॉर्म भरत होतो आणि तुम्ही लांब ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. मी एक प्रश्न मोठ्याने वाचला. गेल्या चौदा दिवसांत तुम्ही रुग्णाच्या संपर्कात आलात का? तुम्ही मफलर नाकावर ओढून घेतलात.

"तुला कोणी रुग्ण माहीत आहे का?"

"नाही."

"मग नाही लिही."

सकाळी साडेसहाला तुम्ही मला अंगणात हाक मारलीत. फोन पायरीवर ठेवलात आणि मागे सरकलात. धुळ्याचा रिपोर्ट आला होता. माझं नाव, आणि पुढे पॉझिटिव्ह.

"तिसरी चाचणी करू," तुम्ही म्हणालात.

"वेळ कुठे आहे? तीनपर्यंत मुंबईच्या विमानतळावर पोहोचायचंय."

"मग आज जाऊ नको."

"आज नाही तर परवानगी संपली. हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे. पण एक पुडी लपवून दुसरी दाखवायची नसते, गोकुळ."

"मी तूर नाही, भाऊ!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या बाई गच्चीवर आल्या. मग मी ते बोललो. "हेच हवं होतं ना तुम्हाला? काचेआड काय सांगितलंत अशोकभाऊंना? मिलच्या लॅबला माणूस मिळेना म्हणून?"

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. मी तुमच्या तोंडून एक 'नाही' ऐकायला थांबलो होतो. तुम्ही म्हणालात, "विमानतळावरची चाचणी चांगली आली तरच चढ. एवढं ऐक." बाहेर मुंबईसाठी ठरवलेल्या भाड्याच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी तुमच्या पाया पडलो नाही. साथीत कुणी पाया पडत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण कारण ते नव्हतं.

विमानतळावरची चाचणी निगेटिव्ह आली. दुबईत उतरल्यावर घेतलेलीही निगेटिव्ह. मी दोन्हींचे फोटो काढून तुम्हाला पाठवले, खाली एक अक्षर न लिहिता. तासाभराने तुमचं उत्तर आलं. "बरं झालं. जेवून घे."

तीन निगेटिव्ह आणि एकच पॉझिटिव्ह, तोही तुमच्या मित्राच्या लॅबचा. मी हिशोब मांडून मोकळा झालो. आठवड्याने तुम्हाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. दिवाळीला तुमचा फोन आला, आवाज खोल गेलेला, मध्ये मध्ये थांबत होता. "कसा आहेस? भाकरी मिळते का तिकडे?" मी मनात म्हटलं, विषय टाळतायत. पुढे दर सुट्टीत मी मिलवर येत राहिलो. अर्धा तास बसायचं, चहा घ्यायचा, उठायचं. तुम्ही ऑफिसच्या जिन्यात दोनदा थांबायला लागला होता. लिहायला लाज वाटते, पण मला त्याचाही संशय आला. मला वाईट वाटावं म्हणून थांबतायत, असं वाटलं. मिलमध्ये तुम्ही खरंच छोटी लॅब टाकली होती. ती दाखवलीत तेव्हा मी फक्त "छान" म्हणालो आणि मनात म्हटलं, सापडला पुरावा.

परवा उठावण्याला अशोकभाऊ आले होते. मी नजर चुकवून बाहेर निघालो तर तेच मागून चपला घालत आले.

"गोकुळ, थांब ना भो. तुनाशी एक बोलनं शे."

"बोला."

"त्या दिनले भाऊनाबी नमुना लिधा व्हता मी."

मला कळेना. ते ओट्यावर बसले आणि सांगू लागले. तुमच्या घशात सकाळपासून खवखव होती. काचेआड तुम्ही ते सांगितलंत आणि म्हणालात, माझाही नमुना घे, पण पोराला कळू देऊ नको. ते आधी नाही म्हणाले, मग घेतला. दोन्ही नळ्या एकाच नंबरवर नोंदल्या गेल्या, एकापाठोपाठ. सकाळी दोन्ही रिपोर्ट तुमच्या फोनवर आले. तुमचा निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह.

"माले वाटस, अदलाबदल झायी," अशोकभाऊ म्हणाले. "भाऊले दुसरा दिन ताप भरना. मी फोन करा, आपली चूक शे, गोकुळले सांगू. तर माले शपथ घाली."

मी घरात जाऊन तुमच्या पत्नीला, भाभींना, विचारलं. त्या म्हणाल्या, "हो ना. सोळा दिवस दवाखान्यात होते. ऑक्सिजन लावला होता. मी म्हटलं गोकुळला कळवते, तर माझ्यावरच ओरडले. म्हणे, नोकरी सोडून येईल येडा."

भाऊ, तेव्हापासून मी एकच गोष्ट उलटसुलट करतोय. सकाळी अंगणात उभे होता तेव्हा तुम्हाला कळलं होतं का? दोन्ही रिपोर्ट तुमच्या हातात होते आणि घसा तुमचा होता. तुम्ही फक्त एवढं म्हणाला असता, की गोकुळ, तो बहुतेक माझा रिपोर्ट आहे, तर मी जागच्या जागी सुटलो असतो. पण मग मी रुग्णाच्या संपर्कातला ठरलो असतो. त्या फॉर्मवर मला 'हो' लिहावं लागलं असतं आणि परवानगी गेली असती. म्हणून गप्प बसलात का? मला एक पुडी लपवू नको म्हणालात, त्याच वेळी तुमची स्वतःची पुडी मुठीत धरून? की तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं, आणि हे सगळं मी आता तुम्हाला थोर करायला रचतोय?

मला अशोकभाऊंचाही संशय येतो. मेलेल्या मित्राचं नाव राखायला माणूस काहीही सांगेल. मग भाभींचे सोळा दिवस आठवतात आणि तो संशय टिकत नाही.

आणि खरं सांगू? मला तुमचा रागही येतो. घशात खवखव असताना तुम्ही माझ्याबरोबर गाडीत बसलातच का? फोन करून सांगता आलं असतं, तू एकटा जा. त्या दिवशी कळलं नाही हे एक वेळ मान्य. पण बरे झाल्यावर? माझी नोकरी पक्की झाल्यावर? मी समोर बसून गार चेहऱ्याने तुमचा चहा पीत होतो, तेव्हा एकदा सांगायला काय हरकत होती? तुम्ही मला इतकी वर्षं कृतघ्न राहू दिलंत. ती शिक्षा होती का? की कुणी संशय घेतला तर खुलासा करत बसायचं नाही, हा तुमचा व्यापारातला ताठा? मला याचं उत्तर हवं होतं आणि ते द्यायला तुम्ही नाहीत. दुबईच्या लॅबमध्ये आज माझ्या हाताखाली सहा जण आहेत, तिथवर तुम्ही मला नेलंत, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम मनात धरता येत नाहीत, आणि सोडताही येत नाहीत.

निघताना भाभींनी माझी फाइल दिली. बहात्तर तासांचा नियम, अठ्ठेचाळीसचा, चारचा, सहाचा, सगळे क्रमाने. शेवटी माझं पत्र होतं. दवाखान्यातून घरी आल्याच्या दिवशीच तुम्ही ते दोनदा वाचलंत म्हणे. भाभींनी विचारलं, काय लिहिलंय? तुम्ही म्हणालात, "पोहोचला. खुशाल आहे. तुला नमस्कार सांगितलाय."

ते पत्र इथे उतरवतो. बदलावंसं फार वाटलं, पण एकही शब्द बदललेला नाही.

"ती. घेवरभाऊ,

नमस्कार. मी नीट पोहोचलो. कंपनीच्या नियमाने दहा दिवस खोलीतच राहायचं आहे, त्यामुळे विचार करायला वेळ आहे. तुम्ही खुशाल असालच.

तुम्ही माझ्यासाठी जे केलं त्यातलं काहीही मी नाकारत नाही. देवपूरची खोली, पासपोर्टची साक्ष, एम.एस्सी.चा हट्ट, सगळं तुमचं आहे. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

माझे तीन रिपोर्ट निगेटिव्ह आले. एकच वेगळा आला, तो तुमच्या ओळखीच्या लॅबचा आणि तुमच्या फोनवर. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? मला इथे येऊ द्यायचं नव्हतं तर सरळ तसं सांगायचं होतं. मी कदाचित ऐकलंही असतं.

फोन करू नका. फोनवर तुम्ही जेवणाचं विचाराल आणि मला पुढे बोलता येणार नाही. एका ओळीचं पत्र पाठवा. काचेआड तुम्ही अशोकभाऊंना मला थांबवायला सांगितलं होतं का? हो असेल तर हो लिहा, मी धरून बसणार नाही. नाही असेल तर नाही लिहा, मी विश्वास ठेवीन, दुसरं काही विचारणार नाही.

महिनाभर वाट बघतो. उत्तर आलं नाही तर ते हो आहे असं समजेन.

भाभींना नमस्कार.

तुमचा,
गोकुळ"